बरोसातल्या झोपलेल्या वेली

विमानात भरायला दिलेल्या कार्डावर एक प्रश्न होता: गेल्या ३० दिवसांत शेतावर गेला होतात का? आता मी पिंपळगावची द्राक्षवाली, माझं घरच मळ्यात. ‘हो’वर खूण केली. ऑस्ट्रेलियात ॲडलेडला उतरल्यावर बूट उलटे करून तळवे तपासले, चिवड्याचं पाकीट बघून परत दिलं. देवाणघेवाणीच्या दौऱ्यावर निघालेल्या आमच्या गटातले बाकीचे, म्हणजे नर्स, शिक्षक आणि आर्किटेक्ट, तोवर माझ्या नावानं बोटं मोडत ताटकळले.

एवढी काळजी कशाला, ते साउथ ऑस्ट्रेलिया राज्यातल्या बरोसा खोऱ्यात, टनुंडा गावी आल्यावर समजलं. फायलोक्सेरा हा वेलीची मुळं खाणारा बारीक किडा. एकोणिसाव्या शतकात यानं युरोपातले मळेच्या मळे बसवले. शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यात तो आहे, साउथ ऑस्ट्रेलियात अजून शिरलेला नाही. त्यामुळे बरोसातल्या जुन्या वेली दुसऱ्या जातीच्या मुळांवर कलम न करता स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. आपल्याकडे क्षार आणि पाणीटंचाईमुळे डॉगरिज जातीच्या खुंटावर, म्हणजे तिच्या मुळांवर, कलम केल्याशिवाय बाग लावायची हिंमत कोण करतं?

१८४३ साली लावलेली शिराझ, म्हणजे वाइनच्या काळ्या द्राक्षाची वेल, इथे अजून फळ देते. सायलेशियातून आलेल्या जर्मन कुटुंबांनी तेव्हा नुकतीच इथे वस्ती केली होती. मांडव नाही, वेल चढवायचे वाय आकाराचे अँगल नाहीत. पिळवटलेलं बुटकं खोड आणि हात लावला की सुटणारे सालीचे पापुद्रे. वेलींच्या वयाची सनदसुद्धा आहे, २००९ सालची. ३५ वर्षं झाली की वेल ‘जुनी’, ७० ला ‘तगलेली’, १०० ला शतायुषी, १२५ ला पूर्वज! आपण १२-१५ वर्षांत बाग उपटतो. या हिशेबानं आपल्या वेली तरुणपणीच जातात.

सकाळच्या कार्यक्रमांबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. भेटी, भाषणं, झेंड्यांची अदलाबदल, फोटो. खरी देवाणघेवाण होते ती यजमानांच्या जेवणाच्या टेबलावर, संध्याकाळी साडेसहाला. (त्या वेळी आपल्याकडे दुसरा चहा होतो.) यजमानांना मी काका म्हणते, ते आता ओ देतात.

काकांनी विचारलं, “वर्षातून किती वेळा छाटता?”
“दोनदा.”
“म्हणजे पिकं दोन?”
“छे, एकच.”

त्यांनी काटा-चमचा खाली ठेवला. मग मी कागदावर काढूनच दाखवलं. त्यांच्याकडे जुलैत कडक थंडी, वेल पानं गाळून झोपते, तेव्हा एकदा छाटली की झालं. आपली वेल झोपतच नाही. एप्रिलच्या खरडछाटणीत नवी काडी घ्यायची, तिच्या डोळ्यात घड तयार होऊ द्यायचा आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनं तो बाहेर काढायचा. पुरेशी थंडी नसल्यानं डोळे एकसारखे फुटत नाहीत, म्हणून वर पेस्टिंग, म्हणजे डोळे फुटायचं रसायन हातानं लावायचं. काका म्हणाले, “बिचारी दमत असेल.” दमतेच. पण बाग लवकर काढण्याचं सगळं खापर हवामानावर फोडता येणार नाही. नवं वाण आलं, भाव पडला, की आपण जेसीबी बोलावतो.

काका स्वतः बॅटरीच्या कात्रीनं छाटतात, कारण किमान मजुरीच तासाला २४ डॉलरच्या वर आहे. आपल्याकडे पेठ-सुरगाण्याहून मजुरांची टोळी येते, एकरावर ठेका ठरतो, हे त्यांना सांगितलं. टोळी राहते कुठे, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, शेडमध्ये. त्यावर काकू भाजी वाढायला उठल्या आणि मी पाऊसपाण्याचा विषय काढला. या प्रश्नाचं धड उत्तर मला पिंपळगावातही कुणाला देता आलेलं नाही.

ऑक्टोबरमध्ये यांचा गट नाशिकला येतोय. काका-काकू आमच्याकडेच उतरणार. काकांना पेस्टिंग करून बघायचंय, त्यासाठी हातमोजे तेच आणणार आहेत. आईचा सकाळीच फोन आला: मिसळ कितपत तिखट करायची? आणि टोळीची शेड त्याआधी नीट करून घ्यायला हवी, हे मी भावाला कालच सांगितलंय. तो म्हणतो, पाहुणे येणार म्हणून का? मी म्हटलं, कशासाठी का होईना, पत्रे बदल.