टेकऑफला नाही, लँडिंगला

लेकीला सातवा लागला आणि उष्टावणाचा विषय निघाला. मुलीचं विषम महिन्यात करतात, पाचवा तर मी परत ऑफिसला जॉईन झाले त्या गडबडीतच निघून गेला, म्हणजे आता हाच, आणि पहिला घास मामाच्या मांडीवर बसूनच हवा. मामा नागपूरला, त्याला सुट्टी नाही, मग काय, आम्हीच निघालो ठाण्याच्या वाघबीळहून.

आमच्यासाठी नागपूर म्हणजे विदर्भ एक्सप्रेस. ठाण्यालाच थांबते, रात्री चढा, सकाळी आईच्या हातचा चहा. पण तिकिटं वेटिंगवर, आणि नवऱ्याचं म्हणणं की अगं विमानाने दीड तासाचं काम आहे. हा दीड तास म्हणजे शुद्ध फसवणूक आहे हे आधीच सांगून ठेवते. सकाळी सात दहाचं विमान, घरून चारला निघालो, घोडबंदर रोडला त्या वेळी कंटेनरची रांगच रांग, मग मुलुंड, मग जेव्हीएलआर, आणि लेक संपूर्ण रस्ताभर गाढ झोपलेली. एअरपोर्टचा दरवाजा दिसला आणि उठली. टुणटुणीत. खेळायला तयार.

दोन वर्षांखालच्या बाळाला वेगळी सीट नसते, मांडीवरच, पण तिकीट काढावंच लागतं आणि वयाचा पुरावा लागतो. हे माहीत होतं. जन्मदाखला घेतलाही होता. फक्त तो कुठे घेतला होता तर मोठ्या बॅगेत, लंगोटांच्या खाली, आणि काउंटरवरच्या मुलीने "बेबीचं बर्थ सर्टिफिकेट?" विचारलं तेव्हा ती बॅग टॅग लागून पट्ट्यावर पुढे सरकत होती. मी अशी झेप घातली की मागच्या काकांनी टाळ्याच वाजवायच्या बाकी ठेवल्या. तिथेच जमिनीवर बॅग उघडली, झबली, टोपरी, डिंकाच्या लाडवांचा डबा, सगळं मुंबईकरांना दाखवून झालं, मग दाखला. तेव्हापासून तो माझ्या पर्समध्ये असतो.

सिक्युरिटीचं उगाच टेन्शन घेतलं होतं. थर्मासमधलं गरम पाणी, वाटी-चमचा, कोणी काही बोललं नाही, बाळाचं खाणं-पिणं नेऊ देतात. स्ट्रोलर मात्र घडी करून मशीनमध्ये घालावा लागतो आणि तो एका हाताने मिटतो असं जाहिरातीत दाखवतात त्या बाईला मला एकदा भेटायचंय.

आता खरा मुद्दा, ज्यासाठी हे लिहायला बसले. कान.

आईने तीन महिने इथे राहून माझं बाळंतपण केलं तेव्हाच एक पिवळी कानटोपी विणून ठेवली होती, आणि फोनवर रोज एकच, "विमानात कानटोपी घाल गं, कानात वारं जातं." शेजारच्या काकूंचं वेगळंच, जायफळ उगाळून दे, झोपेल. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले झोपवायला काही म्हणजे काही द्यायचं नाही, सर्दी नाहीये ना, मग बिनधास्त जा, फक्त चढताना उतरताना अंगावर पाज. झालं, मी ते डोक्यात घट्ट धरलं. दार बंद झालं, हवाईसुंदरीने छोटा बेल्ट माझ्या बेल्टमध्ये अडकवून लेकीला बांधलं, विमान हललं आणि मी पदर घेऊन तयार. आणि मग मुंबईची रनवे. आमच्या पुढे किती विमानं होती देव जाणे, आम्ही आपले रांगेत उभे, मॅडमचं पोटभर पिऊन, ढेकर काढून झाली, झोपही लागली, तरी विमान जमिनीवरच! टेकऑफला ती ढिम्म हलली नाही. मी मनात म्हटलं जिंकलो.

नागपूर यायला वीस-पंचवीस मिनिटं असताना विमान खाली यायला लागलं आणि ही जी उठली ती किंचाळतच. कान ओढतेय, लाल झालेली, छातीशी घेतलं तर तोंड फिरवतेय कारण पोट टम्म. पाण्याचा चमचा, खुळखुळा, नवऱ्याचं भसाडं गाणं, कशाने काही नाही. चाकं टेकली आणि पाच मिनिटांत गप्प.

नंतर भावाशी बोलताना उलगडा झाला, तो ईएनटीवाला, म्हणजे कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे (आधी का नाही विचारलं, तर मला डोकं नाही म्हणून). विमानाच्या आत हवेचा दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तेवढा ठेवतात, म्हणजे कळसूबाईच्या टोकापेक्षाही वर, ते १६४६ मीटर. वर जाताना कानाच्या पडद्यामागची हवा फुगते आणि आपली आपण बाहेर पडते, सोपं असतं. खाली येताना तीच हवा परत आत घ्यावी लागते, आणि कान-घशाला जोडणारी नळी गिळल्यावरच नीट उघडते. लहान बाळांची ती नळी अरुंद आणि आडवी. म्हणजे वारं बाहेरून जात नाही, भानगड सगळी आतली, कानटोपी बिचारी काय करणार. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "घातली असतीस तर कळलं असतं."

उष्टावण झकास झालं. चांदीची वाटी, खीर, मामाच्या शर्टावर खीर.

परत येताना मी निष्ठुर झाले. टेकऑफला नुसती चोखणी दिली, मध्ये भूक लागली तर इकडेतिकडे फिरवलं, पुढच्या सीटच्या आजींचं "बाळ भुकेलंय हो" असं दोनदा ऐकवून झालं. घड्याळ बघत बसले, आणि इंजिनाचा आवाज बदलला, कानात माझ्याच दडा बसला, तेव्हा घेतलं. अशी प्यायली म्हणता! खाली ठाण्याच्या खाडीचं काळं पाणी, मग घाटकोपरचे दिवे, चाकं आदळली तरी हिचं गटगट चालूच. आजी वळून बघून हसल्या.

कानटोपी त्या गडबडीत विमानातच राहिली. सीटच्या खिशात, बहुतेक. आईला अजून सांगितलेलं नाही, फोटो मागते तेव्हा जुना पाठवते.