सीट जमिनीपासून किती उंच?

“अरे, ते रंग राहू दे. सीट जमिनीपासून किती उंच आहे ते बघ ना.”

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. काल रात्री आम्ही कंपनीच्या वेबसाइटवर गाडी बघत होतो. स्क्रीनवर गाडी गरागरा फिरते, सनरूफ उघडतं. डिकी किती लिटरची तेही दिलंय, पण घडी केलेला वॉकर लिटरमध्ये कसा मोजायचा? सीटची उंची कुठेच नाही.

किंमत फक्त एक्स-शोरूम, म्हणजे रोड टॅक्स आणि विमा सोडून. ठाण्यात ऑन-रोड कितीला पडेल? आधी मोबाइल नंबर द्या! महाराष्ट्रात 10 लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला 11 टक्के रोड टॅक्स, शिवाय 2018 पासून नव्या गाडीला 3 वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा. हा हिशेब त्यांना सहज मांडता येईल. लपवायचं कशाला?

आज संध्याकाळी आई शिवणाची टेप घेऊन पार्किंगमध्ये उतरली. शेजारच्या काकांकडे तीच गाडी आहे. मी दार उघडलं, तिने टेप धरली.

“बावीस इंच. जमेल मला.” काय खुलला होता तिचा चेहरा!

हा एक आकडा लिहायला कितीशी जागा लागली असती?

तुमच्या घरच्यांचा कुठला प्रश्न असाच अडला होता?