गजराज, शमशेर आणि रानडुक्कर

कापूस वेचताना नागपूरकडून एक जाडजूड विमान डोक्यावरून गडगडत गेलं. बाया माना वर करून उभ्या. पुतण्या म्हणाला, "आयएल-76 असन. वायुदलात गजराज म्हनते त्याले."

काकूनं ओटीतला कापूस दाबला. "नाव कोन ठेवते रे? चालवते तो, का खुर्चीत बसते तो?"

प्रश्न डोक्यातून जाईना.

खुर्चीवाले ठेवतातच. आपल्या वायुदलातली लढाऊ विमानं घ्या: जॅग्वार म्हणजे शमशेर, मिराज 2000 म्हणजे वज्र, ही रीतसर नावं. नाटोनं, म्हणजे अमेरिका-युरोपच्या लष्करी युतीनं, तर सोव्हिएत विमानांच्या नावांना पहिली अक्षरं वाटून दिली: लढाऊ असेल तर 'एफ', बॉम्बफेकी असेल तर 'बी'. म्हणून मिग-21 झालं फिशबेड. शत्रूच्या विमानाला लाडाचं नाव कोण देणार म्हणा!

पण अमेरिकेच्या ए-10 या लष्करी विमानाचं कागदावरचं नाव थंडरबोल्ट टू. ते बेढब धूड पाहून उडवणाऱ्यांनीच त्याला वॉर्टहॉग म्हटलं, म्हणजे आफ्रिकेतलं सुळेवालं रानडुक्कर. तेच चिकटलं.

काकूला सांगितलं तर म्हणते, "डुक्कर? आमच्या तुरीत रोज राती उतरते. त्याले बी सरकारचंच संरक्षन हाये!"

तुमच्या गावात कोणाला कागदावरच्या नावानं हाक मारतात का हो?