हब मोटरवर पसरणीचा घाट

वाई सोडून पाचगणीकडे निघालं, पसरणी गाव मागे पडलं की घाट लागतो. बारा-तेरा किलोमीटरांत जवळपास 600 मीटर चढ. स्वार आणि सामानासकट इलेक्ट्रिक स्कूटरचं वजन 200 किलो धरलं, तर नुसतं वर जायलाच सव्वातीनशे वॉट-तास खर्ची पडतात. टायर, वारा आणि मोटरची उष्णता जमेस धरून हा आकडा दुप्पट होतो.

स्कूटर 60 व्होल्ट, 30 अँपिअर-अवरची, मागच्या चाकातच बसवलेली 1500 वॉटची हब मोटर. मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणारा कंट्रोलर मूळचा 25 अँपिअरचा, त्यावर तीव्र चढाला वेग ताशी वीस किलोमीटरच्या खाली येई. नव्या कंट्रोलरमध्ये बॅटरी करंट 35 वर ठेवला, कारण बीएमएस (बॅटरीचं रक्षण करणारं सर्किट) 40 ला तोडतो. फेज करंट, म्हणजे कंट्रोलरकडून मोटरच्या तीन वायरींत जाणारा करंट, 90. फेजच्या बारीक वायरी बदलून जाड घेतल्या, सोल्डरऐवजी टोकांना धातूचे लग दाबून बसवले (क्रिंप केले). ॲक्सलला दोन्ही बाजूंनी टॉर्क आर्म (ॲक्सलला धरून ठेवणारी पट्टी) हवाच, नाहीतर ॲक्सल खाचेत फिरतो आणि वायरी पिळून तुटतात. चाक अधांतरी ठेवून आधी हॉल-फेज जुळवणी, म्हणजे चाकाची स्थिती सांगणाऱ्या हॉल सेन्सरच्या आणि फेजच्या वायरींचा क्रम, तपासायची: क्रम चुकला तर मोटर गुरगुरते आणि मोकळ्या चाकालाही करंट भरमसाट खाते.

घाटात लोक ‘मोटरला आराम’ म्हणून हळू चालवतात. इथेच गोम आहे. या हब मोटरला गिअर नाही. चढाला लागणारा टॉर्क, म्हणजेच फेज करंट, वेग कमी केला म्हणून फारसा घटत नाही. वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) तेवढंच तापतं, फक्त जास्त वेळ. करंट दीडपट, तर उष्णता सव्वादोनपट. म्हणून स्टेटरमध्ये (मोटरच्या न फिरणाऱ्या भागात) तापमानाचा सेन्सर बसवून कंट्रोलरला 110 अंशांपासून करंट उतरवायला सांगितलं. वळणं सोडता वेग ताशी 28-30 किलोमीटरच्या आसपास धरला. खाली धोम धरणाचं पाणी दिसायला लागलं तेव्हा तापमानाचा आकडा शंभराकडे सरकत होता. हॅरिसन फॉली या पॉइंटपाशी थांबलो, तर तो लगेच उतरेना. हवाबंद हबमधून उष्णता सावकाश बाहेर पडते.

(कंट्रोलर बदलला की वॉरंटी गेली. आणि नोंदणीकृत गाडीतल्या फेरफारांना मोटार वाहन कायद्याचं कलम 52 लागू होतं. आरटीओत विचारूनच हात घाला.)

पाचगणीत चार्जिंग मिळालं तरी बॅटरी 85 टक्क्यांवरच थांबवा. पूर्ण भरून उतरायला लागलात, तर रीजनचा (ब्रेक लावताना मोटर उलट बॅटरीत भरते तो) करंट घ्यायला जागा नसते, बीएमएस तो तोडतो आणि ऐन वळणावर मोटरचा ब्रेक नाहीसा होतो. मग सगळा भार ड्रम ब्रेकवर. त्याचे लायनर आधीच पाहून घ्या.