पाण्याची ओढ

श्रावण शुद्ध एकादशी

काल रात्री लेकीने बर्मिंगहॅमहून तीन नकाशे पाठवले. पुढच्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी नातीच्या शाळेला आठवड्याची सुट्टी असेल. तेव्हा आम्ही दोघांनी तिकडे जायचं आणि सगळ्यांनी मिळून कालव्यातल्या नावेत सात दिवस राहायचं, असा बेत आहे. रांधायचं, झोपायचं, सगळं नावेतच. रस्ता मात्र आम्ही निवडायचा. "आई, तुम्ही पाण्याकाठची माणसं, तुम्हाला जास्त कळेल," म्हणाली.

आज एकादशी, भरतीची वेळ काढायला तिथीचा आकडा पाऊणपट केला की सव्वाआठ. तेवढ्याला भरती पुरी झाली, खाडीचं पाणी कांदळांच्या पानांना टेकलं. पाऊस थांबला होता. मी चहा घेऊन पडवीत बसले आणि मोबाइलवर पहिला नकाशा उघडला.

हा गोल फिरून परत येणारा रस्ता. चार परगण्यांतून जातो, ११० मैल आणि ९४ लॉक. लॉक म्हणजे काय ते जावईबापूंनी फोनवर नीट समजावलं. कालव्याला चढ आला की दोन्ही टोकांना दरवाजे असलेला अरुंद हौद बांधलेला असतो. नाव आत घ्यायची, मागचे दरवाजे लावायचे, वरचं पाणी आत सोडायचं. पाण्याबरोबर नाव वर येते, मग पुढचे दरवाजे उघडून निघायचं. उतरताना हेच उलट. बहुतेक ठिकाणी कुणी माणूस ठेवलेला नसतो. झडपा हँडलने उघडायच्या, दरवाजे पाठ लावून ढकलायचे, ते सगळं आपणच.

आमचे हे सगळं ऐकत होते. म्हणाले, "आपल्याकडे पाणी आपणहून येतं, तिकडे दार लावून आणावं लागतं."

वेळ काढायची रीतही जावयांनी सांगितली. मैल आणि लॉक यांची बेरीज करायची आणि तिनाने भागायचं, तेवढे तास. या रस्त्याचे झाले ६८. सात दिवसांत रोज दहा तास! अंधार पडल्यावर भाड्याची नाव चालवायची नसते, आणि कालव्यात वेग ताशी ४ मैलांपेक्षा जास्त नाही, नाहीतर लाटांनी काठ ढासळतात. म्हणजे उशीर झाला तर भरून काढायची सोय नाही. यांचा उजवा गुडघा बघता ९४ वेळा नावेतून काठावर चढ-उतर मला मान्य नाही. पहिला नकाशा बाजूला ठेवला.

द्वादशी

दुसरा रस्ता बाथ शहरापासूनचा. खरं सांगायचं तर माझं मन इथेच अडकलं होतं. पिवळसर दगडाची घरं, दोन्ही अंगांना झाडीचे डोंगर, मध्येच कालवा नदीला ओलांडून पलीकडे जातो. पुढे डिव्हायझेस गावापाशी दोन मैलांत २९ लॉक आहेत, त्यांतले १६ तर एका टेकडीवर पायऱ्यांसारखे. तिथवर न जाता अलीकडूनच परतता येतं. पण या कालव्यावरचे लॉक रुंद, दोन नावा शेजारी शेजारी मावतील एवढे, आणि त्यामुळे दरवाजेही जड.

यांनी लेकीला एकच विचारलं, "पाण्याला ओढ आहे का गं?"

"नाही बाबा, कालव्याचं पाणी जवळजवळ उभंच असतं."

हे गप्प झाले. फोन माझ्याकडे दिला आणि बाहेर जाऊन खाडीकडे बघत राहिले. आयुष्यभर या खाडीत लाँच चालवलेला माणूस. २००३ साली दाभोळ-धोपाव्याची फेरीबोट सुरू झाली, गाड्या पाण्यावरून जायला लागल्या. हे त्यानंतरही थोडी वर्षं लाँचवर होते. आता कित्येक वर्षांत सुकाणूला हात नाही. ओढ नसलेलं पाणी यांना पाणीच वाटत नसेल.

मला माझ्या लग्नाची लाँच आठवली. माहेर खाडीच्या वरच्या अंगाला, मालदोलीच्याही पुढे. वऱ्हाड भरतीला निघायचं होतं, पण निघता निघता सुकती, म्हणजे ओहोटी, लागली आणि परचुरीच्या अलीकडे लाँच वाळूवर बसली. चार तास. वडीलधारी चिडली, मी नवी नवरी म्हणून मान खाली घालून बसले. पण त्या चार तासांत जे बघितलं ते आजही डोळ्यांसमोर आहे. उघड्या पडलेल्या चिखलात गुडघाभर उतरून मुळे, म्हणजे शिंपले, काढणाऱ्या बाया, एका खुंटावर बसून राहिलेला खंड्या, चिखलाला चढत गेलेला कोवळा हिरवा रंग. त्याच पाण्यावरून पुढे शंभर वेळा गेले असेन. तेवढं पुन्हा काही दिसलं नाही, कारण लाँच पुन्हा तशी थांबली नाही.

बाथचा नकाशा मग मी पुन्हा बघितला. सुंदर आहे, त्यात शंका नाही. पण मी तो नावेसाठी निवडत नव्हते, शहरासाठी निवडत होते. शहर आगगाडीनेही बघता येईल.

चतुर्दशी

तिसरा रस्ता वेल्सच्या डोंगरांत जाणारा, लँगॉलन कालवा. पूर्ण ४६ मैल आणि २१ लॉक. पण व्हिटचर्च गावापासून नाव घेतली तर पुढे लँगॉलनपर्यंत फक्त दोनच लॉक लागतात. साधारण ३० मैल, म्हणजे जायला अकरा तास आणि यायला तेवढेच. सात दिवसांत मनाला येईल तिथे थांबायला वेळच वेळ.

आणि या कालव्याला ओढ आहे! लेकीने शोधून काढलं. लँगॉलनच्या वर डी नदीवर बांध घालून तिचं पाणी कालव्यात घेतलंय. ते खाली हर्ल्स्टनच्या तलावापर्यंत वाहत जातं आणि लोकांना प्यायला मिळतं. इतर कालवे उभे, हा चालता. यांना सांगितलं तसे खुर्चीत पुढे सरकले. "मग जाताना ओढीविरुद्ध. अकराचे तेरा धर. अरुंद जागी पाणी जास्त अडवणार." खरंच, वाटेत चर्कचा ४०० मीटरांहून लांब बोगदा आहे, एका वेळी एकच नाव जाईल एवढा, आणि तिथे चढती नाव फार हळू चालते असं जावईही म्हणाले.

मग सुकाणूचं बोलणं निघालं. या नावांना चाक नसतं, दांडा असतो. दांडा डावीकडे लोटला की नाळ, म्हणजे नावेचं पुढचं टोक, उजवीकडे. यांनी पडवीतल्या काठीवर नातीला फोनवरून दाखवलं. साठ फूट लांब आणि सात फुटांनाही दोन इंच कमी रुंद नाव, ती मध्यावर फिरते. म्हणून नाळेकडे बघून भागत नाही, मागचं अंग काठाला लागतं. वळवायलाही ठरलेल्या रुंद जागाच असतात, त्या आधीच नकाशावर खुणा करून ठेवायच्या.

लँगॉलनच्या अलीकडे खडकात कोरलेला चिंचोळा भाग आहे. समोरून नाव येत नाही ना, हे बघायला कुणीतरी काठाने पुढे चालत जायचं असतं. ते काम मी मागून घेतलंय. गावाच्या पुढे इंजिनाच्या नावांना बंदी, तिथे अजून घोडा काठाने चालत नाव ओढतो. नातीला तो दाखवायचा.

नारळी पौर्णिमा

सव्वाअकराच्या भरतीला जेटीवर नारळ सोडला. पाणी पायरीच्या वर आलं होतं, उधाणाचं. दर्याला नमस्कार करून हे बराच वेळ तिथेच उभे होते.

संध्याकाळी लेकीला लँगॉलन कळवलं. मेच्या शेवटी जायचं म्हणजे आंबा उरकलेला असेल. कौलं चाळणं आणि लाकडं भरणं मात्र पुढच्या वर्षी पंधरा दिवस आधी करून घ्यावं लागेल.

एकाच गोष्टीवर फोन लांबला. या रस्त्यावर पाँटकसल्टेचा पूल आहे. थॉमस टेलफर्ड आणि विल्यम जेसप यांनी बांधलेला, १८०५ साली पुरा झालेला, आणि २००९पासून जागतिक वारशात. डी नदीच्या १२६ फूट वरून, हजार फूट लांब, ओतीव लोखंडाच्या पन्हळीतून नाव जाते. माहेरच्या आगरात पोफळीच्या पन्हळीतून पाणी खेळायचं, त्यात आम्ही करवंट्या सोडायचो, ते आठवलं. पण पुलाच्या एका अंगाला चालायची वाट आणि कठडा आहे, दुसऱ्या अंगाला काहीच नाही. पन्हळीची कड पाण्यापेक्षा जेमतेम वर आणि पलीकडे सरळ दरी. नात सहा वर्षांची. माझा जीव वर-खाली झाला.

यांनी फोन हातात घेतला. "पूल येईल तेव्हा पोरीला घेऊन तुम्ही तिघं वाटेने चालत या, तिला कठड्याच्या बाजूला ठेवू नका, मध्ये धरा. नाव मी एकटा आणतो."

लेक म्हणाली, "बाबा, जमेल?"

"ओढ समोरून आहे ना? मग नाव हातात राहते."