कानावर पडलेलं, जसंच्या तसं

माझ्या फोनमध्ये एक नोट आहे ज्यात माझं स्वतःचं एकही वाक्य नाही. सगळी दुसऱ्यांची, लिफ्टमध्ये, रांगेत, मागच्या सीटवर कुणीतरी कुणालातरी बोललेली. माणसं काय भन्नाट बोलून जातात आणि त्यांना पत्ताही नसतो! हे एकदा लक्षात आलं की मग हेडफोन लावायचं मनच होत नाही.

नमुने देते. दवाखान्यात नंबरची वाट बघणाऱ्या एक आजी शेजारच्या बाईंना, "डॉक्टर म्हणतात काळजी करू नका, आता ती पण नाही करायची तर दिवसभर करू काय?" बसमध्ये पेंगणारी एक चिमुरडी, "झोपले नाहीये, डोळे मिटून बघतेय." आणि फोनवर एक गृहस्थ, एकदम शांतपणे, "मी चिडलेलो नाही, मी फक्त लक्षात ठेवतोय."

आता पलीकडून काय आलं असेल की त्यावर हे उत्तर? फोनवरचं बोलणं असं अर्धंच ऐकू येतं आणि म्हणूनच ते डोक्यातून जात नाही. २०१० मध्ये यावर एक प्रयोग छापून आला होता, एकाग्रतेचं काम करणाऱ्या लोकांच्या कानावर दोघांचा पूर्ण संवाद पडला तर फारसा त्रास होत नव्हता, पण एकाच बाजूचं बोलणं ऐकवलं की त्यांच्या चुका वाढायच्या, कारण पुढे काय येणार याचा अंदाजच बांधता येत नाही. म्हणजे मी भोचक नाही, माझा मेंदू भोचक आहे.

या छंदाला नियम एकच, तिथल्या तिथे लिहायचं. घरी जाऊन लिहू म्हटलं की संपलं. १९६७ मध्ये भाषा आणि स्मरणशक्तीचा अभ्यास करणाऱ्या जॅकलिन सॅक्स यांनी लोकांना उतारे ऐकवून मधलंच एखादं वाक्य थोडं बदलून विचारलं, हेच होतं का? मध्ये जेमतेम ८० सिलॅबल्स (शब्दांमधले उच्चाराचे तुकडे) गेले, म्हणजे अर्धं मिनिटही नाही, तरी अर्थ बदलला तर लोक बरोबर पकडायचे आणि नुसती शब्दरचना बदलली तर बहुतेकांना कळायचंच नाही. आजींचं तेच वाक्य मी रात्री लिहिलं असतं तर "काळजी करणं हाच माझा वेळ घालवायचा उद्योग आहे" असं काहीतरी झालं असतं, अर्थ सगळा शाबूत आणि मजा शून्य. त्या आजींवर आधी बाकी कशाकशाची बंदी आली असेल, ते सगळं मूळ वाक्यात न सांगता आलंय ना!

आणि हो, सुधारायचं नाही. अडखळणं, अर्धवट सोडलेलं वाक्य, मध्येच आलेलं "म्हणजे कसं", सगळं ठेवायचं. हात शिवशिवतात, एक शब्द पुढेमागे केला की पंच छान बसतो, पण मग ते माझं वाक्य होतं आणि माझी वाक्यं मला रोजच ऐकायला मिळतात.

हा उद्योग जुनाच आहे म्हणा. ब्रिटनमध्ये १९३७ साली मास ऑब्झर्व्हेशन नावाचा प्रकल्प सुरू झाला, त्यात स्वयंसेवक साध्या लोकांचं रोजचं वागणंबोलणं टिपून पाठवायचे, कानावर पडलेली वाक्यंसुद्धा. तेव्हाही त्यांना हेरगिरी म्हणून नावं ठेवणारे होतेच. मला ते थोडं पटतं, म्हणून नाव, पत्ता, कुणाचं दुखणं, असलं मी काही लिहीत नाही आणि कुणी हळू आवाजात बोलायला लागलं की सरळ लांब जाऊन उभी राहते.

घरच्यांना आता नोटचं कळलंय. भाऊ काहीतरी ठरवून बोलतो आणि वर म्हणतो, "हे घे लिहून." ते कधीच लिहिण्यासारखं नसतं. परवा मात्र वैतागून म्हणाला, "तुझ्यासमोर साधं मूर्खासारखंही बोलायची सोय राहिली नाही." हे घेतलं.