मनकु एंत?

“आई विड्या वळायची आणि तुम्ही शाळेत तंबाखूविरोधी शपथ देता. मग विडीवर कर वाढावा की कमी व्हावा?” पुण्यातले माझे मित्र दर भेटीत हे विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. वाढला तरी माझी हरकत नाही. एक अट आहे.

आईला विडीचं प्रेम कधीच नव्हतं. सोलापुरात आमच्या पूर्व भागात दुपारी फिरा, उंबऱ्याशी बाई बसलेली दिसेल, मांडीवर सूप, शेजारी ओल्या फडक्यात तेंदूची पानं. फर्मा, म्हणजे मापाचा साचा, ठेवून पान कापायचं, चिमूटभर तंबाखू, वळायचं, टोक दुमडायचं, दोरा. हजार झाल्या की दिवस भरला. दुसऱ्या दिवशी कारखान्यात जमा करायच्या. तिथे नापास ठरलेल्या विड्यांची मजुरी नाही. दिलेली पानं फाटकी निघाली तर कमी पडलेली पदरच्या पैशाने आणायची. आई हे करता करता आमटीला फोडणीही द्यायची.

माझी दहावीची पुस्तकं आली ती विडी कामगारांच्या कल्याण निधीच्या शिष्यवृत्तीतून. त्या निधीचा कायदा 1976 चा. कारखान्यातून निघणाऱ्या विडीवर उपकर बसायचा आणि त्यातून दवाखाने, शिष्यवृत्त्या चालायच्या. 2017 च्या जुलैत जीएसटी आला, विडी 28 टक्क्यांत गेली, उपकर रद्द झाला. योजना राहिल्या, पण पैसा आता अर्थसंकल्पातून येतो. पूर्वी विडी निघाली की वळणारीच्या नावाने काहीतरी बाजूला पडायचं. आता दरवर्षी दिल्लीत कुणाला तरी तिची आठवण व्हावी लागते.

2025 च्या सप्टेंबरमध्ये जीएसटी परिषदेने विडी 18 टक्क्यांवर आणि तेंदूपान 18 वरून 5 वर आणायचं ठरवलं. बातमी लागली तेव्हा आई टीव्हीसमोरच होती. (आम्ही पद्मशाली समाजाचे, घरात तेलुगू.) तिने विचारलं, “मनकु एंत?” आपल्याला किती? मी बातमी पुन्हा नीट वाचली. मजुरीबद्दल एक ओळ नव्हती.

आरोग्यवाल्यांचंही तेच. पाकिटाच्या 85 टक्के भागावर इशारा 2016 पासून आहे, तो हवाच. पण जागतिक आरोग्य संघटनेचा तंबाखू करार भारताने 2004 मध्ये मान्य केला, त्याच्या 17 व्या कलमात तंबाखू कामगारांना पर्यायी रोजगारासाठी मदत करण्याची गोष्ट आहे. ते कलम शपथेच्या कागदावर नसतं. पर्याय म्हणून शिलाईचं नाव निघतं. इथे गणवेशाचा धंदा आहे, खरं. पण पन्नाशीच्या बाईने चूल सोडून आठ तास मशीनवर बसायचं, तेही डोळ्यांना चष्मा नसताना?

मनात आणलं तर होतं, हे सोलापूरजवळच्या कुंभारीने दाखवलं. विडी कामगार महिलांची दहा हजार घरं 2006 मध्ये तिथे उभी राहिली, मोर्चे काढून काढून.

तर माझी अट ही. कर कितीही ठेवा, त्यातला ठरावीक वाटा कायद्याने वळणारीच्या नावावर परत टाका. आईला हे समजावलं. ती म्हणाली, आधी पेन्शनचं बघ. भविष्य निर्वाह निधीची (पीएफची) किमान पेन्शन 2014 पासून हजार रुपये आहे. तिला अकराशे साठ मिळतात.